चाळीतला कांदा विकून क्लास लावू का?

"नमस्कार ताई, मी पुण्यात बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करतेय, आता एसवायला आहे. गाव येवला तालुक्यात, घरी साडेतीन एकर, कांदा आणि मका. होस्टेलला राहते. कमवा आणि शिका योजनेत कॉलेजच्या लायब्ररीत रोज तीन तास काम करते, त्यात मेसचं बरंचसं निघतं. ताई, वर्गातल्या पोरी इंटर्नशिपा करतात, मी पण अर्ज केले, एका ठिकाणी ऑनलाइन इंटरव्ह्यू झाला. त्यांनी विचारलं आतापर्यंत काय केलंयस, मी माझी नऊ सर्टिफिकेटं सांगितली, मग त्यांनी त्यातल्याच एकातलं काहीतरी विचारलं आणि मला काहीच आलं नाही, इंग्लिशमध्ये तर तोंडच उघडेना. पाच मिनिटांत संपलं. लायब्ररीचं मी सांगितलं नाही, पुस्तकं लावायचं काम काय सांगायचं. मागे सरांना उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये करून दिली होती तेवढंच, बाकी काही स्किल नाही. आता एका डेटा सायन्सच्या क्लासमध्ये चौकशी केली, सहा महिने, फी ६५ हजार, १०० टक्के प्लेसमेंट म्हणतात, आणि या आठवड्यात भरले तर १० हजार सूट आहे. पप्पा म्हणाले कांदाचाळीत साठवून ठेवलेला कांदा काढतो, भाव नाहीये पण तुझं अडायला नको. मला रात्रभर झोप आली नाही. काय करू?"

अगं, आधी हे सांगते, फी या आठवड्यात भरू नकोस. बाकीचं पुढे सविस्तर बोलू पण आज पप्पांना फोन करून एवढं सांग की कांदा राहू द्या, मी अजून ठरवलेलं नाहीये. तू पत्रात लिहिलंयस की भाव नाहीये, म्हणजे ज्या दिवशी विकायचा नाही म्हणून त्यांनी उन्हाळा पावसाळा तो माल चाळीत सांभाळला त्याच दिवशी तो काढायचा आणि तोही कुणीतरी सात दिवसांची मुदत घातली म्हणून, हे मला वाचवेना. खरंच चांगला क्लास असेल तर तो पुढच्या महिन्यात पण असणारे आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पण. सूट संपते म्हणून घाई करायला लावणारा माणूस शिकवण्याची घाई करत नसतो, विकण्याची करत असतो.

क्लास वाईटच असतात असं माझं म्हणणं नाहीये. पण १०० टक्के प्लेसमेंट हा शब्द ऐकला की मी तीन गोष्टी विचारायला सांगते. एक, मागच्या बॅचच्या पाच मुलांशी मला बोलायचंय, आणि ती पाच मुलं तुम्ही निवडायची नाहीत, यादी द्या, मी निवडते. दोन, प्लेसमेंट नाही झाली तर फी परत मिळणार का, आणि ते कागदावर लिहून सही करून देता का. तीन, एक दिवस चालू बॅचमध्ये मागे बसून बघू का. यातल्या एकाला जरी 'मॅडम तसं आमच्याकडे नसतं' असं उत्तर आलं तर तिथून उठायचं. आणि प्लेसमेंट म्हणजे ते काय धरतात तेही विचार, कारण बऱ्याच ठिकाणी इंटरव्ह्यूला पाठवलं की त्याला प्लेसमेंट असिस्टन्स म्हणतात आणि जाहिरातीत मात्र असिस्टन्स हा शब्द बारीक अक्षरात असतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा एकाच वाक्यावर अडले. 'सरांना उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये करून दिली होती तेवढंच.' तेवढंच? गेली बारा वर्षं मी नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती घेतेय, त्यात ताजे पदवीधर जास्त. समोर पोरगा बसतो, त्याच्याकडे सर्टिफिकेटं असतात दहा-पंधरा, आणि मी विचारते की तू केलेलं असं एखादं काम सांग ज्याची कुणीतरी वाट बघत होतं, तर शांतता पसरते. तुझ्या त्या यादीची कुणीतरी वाट बघत होतं. सरांना ती हवी होती, तू दिलीस, त्यांनी ती वापरली. फरक पडतो तो इथे. सर्टिफिकेटचा व्हिडिओ तू पूर्ण बघितला नाहीस तरी जगात कुणाचं काही अडत नाही, म्हणून तर तो डोक्यात राहत नाही आणि इंटरव्ह्यूत विचारलं की आठवत नाही. दोष तुझ्या बुद्धीचा नाहीये.

मला सांग ती यादी कशी केलीस. तू लिहिलेलं नाहीस पण अशी कामं मला माहिती आहेत म्हणून अंदाज करते. रजिस्टरमधून ॲक्सेशन नंबर म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक, नाव, वर्ग, पुस्तक दिल्याची तारीख उतरवून घेतली असशील. एकाच पोराचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं असणार, कुठे आडनाव आधी कुठे नंतर, कुठे रोल नंबरच नाही. तारखा कुठे टिंब देऊन कुठे तिरकी रेघ मारून, आणि एक्सेलने त्यातल्या अर्ध्या उलट्या करून महिन्याचा दिवस आणि दिवसाचा महिना केला असणार. मग तू ते नीट केलंस, आजच्या तारखेतून देय तारीख वजा केलीस, ज्याचं उत्तर शून्याच्या वर ते वेगळे काढलेस, वर्गाप्रमाणे लावलेस. बाई, याला डेटा क्लीनिंग म्हणतात. त्या ६५ हजारांच्या क्लासच्या माहितीपत्रकात हाच शब्द असणार, तिथे मात्र तो तयार, आधीच धुतलेल्या फाइलवर शिकवतात. तुझ्या हातात खरा मळका डेटा होता.

म्हणून पहिलं काम हे कर. सरांकडे जा आणि विचार की आधी ही यादी करायला किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो, यादी लागल्यावर किती पुस्तकं परत आली. जे खरे आकडे येतील ते लिहून घे, वाढवू नकोस, कमी असले तरी चालतात. मग बायोडेटामध्ये सर्टिफिकेटांच्या वर, सगळ्यात वर, लायब्ररीचं काम लिही, कधीपासून करतेस, आठवड्याला किती तास, यादीचं काय केलंस, त्याने काय बदललं. चार ओळी पुरे. आणि नऊ सर्टिफिकेटांपैकी ज्यातलं तुला आज विचारलं तर सांगता येईल तेवढीच ठेव, दोन उरली तर दोन.

आणि ते लपवणं. याबद्दल मला जरा थांबून बोलायचंय कारण मीही ते केलंय. कॉलेजात असताना मी दोन वर्षं संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करायचे, परीक्षेच्या दिवसांत रात्री साडेदहापर्यंत, आणि पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी ते सांगितलं नाही, मला वाटलं मी गरीब दिसेन. त्या दुकानात मी गर्दीला रांगेत उभं करायला शिकले होते, उधारी मागायला शिकले होते, मशीन बिघडलं तर कंपनीच्या माणसाला फोनवर नेमकं काय झालंय ते सांगायला शिकले होते, आणि मुलाखतीत मात्र मी माझे छंद सांगत बसले. ती नोकरी मिळाली नाही. त्यामुळेच मिळाली नाही असं म्हणत नाही, पण मी माझ्याबद्दलची सगळ्यात चांगली गोष्ट घरी ठेवून गेले होते हे नक्की.

तू ज्या योजनेत काम करतेस तिच्यामागे महाराष्ट्राची केवढी मोठी परंपरा आहे ते माहितीये ना? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातीधर्मांची पोरं एकत्र राहायची, एकत्र राबायची, एकत्र जेवायची. वसतिगृहाच्या खर्चासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रसुद्धा. १९४७ ला साताऱ्यात जे छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते याच पायावर, की पोरगं राबेल आणि शिकेल आणि कुणापुढे हात पसरणार नाही. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिथून आलंय. तेव्हा इंटरव्ह्यूत कुणी विचारलं की हे कमवा आणि शिका काय असतं, तर खाली बघू नकोस, सरळ सांग. जो माणूस त्यावरून तुला कमी लेखेल त्याच्याकडे काम नाही मिळालं तर बरंच झालं असं मी मनापासून म्हणते.

दुसरं काम जरा मोठं आहे आणि मला वाटतं तुझं खरं उत्तर त्यात आहे. तुम्ही नव्या शैक्षणिक धोरणाची बॅच आहात, म्हणजे तुम्हाला मधल्या सेमिस्टरना फील्ड प्रोजेक्ट किंवा कम्युनिटी एंगेजमेंट असणार आणि सहाव्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे ओजेटी, चार क्रेडिटचं, म्हणजे साधारण १२० तास. बहुतेक पोरं काय करतात, प्रोजेक्ट नेटवरून उतरवतात आणि ओजेटीसाठी काकांच्या ओळखीच्या ऑफिसातून सही-शिक्का आणतात. १२० तास वाया. तू तसं करू नकोस. तुझ्या घरी चाळ आहे आणि तू स्टॅटिस्टिक्स शिकतेस, या दोन गोष्टी एका माणसात सहसा सापडत नाहीत.

कृषी पणन मंडळाच्या साइटवर बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. लासलगाव, येवला, पिंपळगाव, तुझ्या जवळच्या तिन्ही समित्या घे. मागच्या तीन-चार वर्षांचे सर्वसाधारण दर एका शीटमध्ये आण. रविवार आणि सुट्ट्यांना रिकाम्या जागा येतील, संपात बाजार बंद होते तेव्हाच्या येतील, त्यांचं काय करायचं ते ठरवावं लागेल, आणि ते ठरवताना तुला वर्गात शिकवलेलं पहिल्यांदा नीट कळेल. मग मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे दिवसागणिक पुढे सरकणारी सरासरी काढ, चार्ट काढ. आणि बघ काय दिसतं. २०२३ च्या डिसेंबरात दर एकदम कोसळलेला दिसेल. ज्याला कांदा फक्त भाजीवाल्याकडे दिसतो त्या पोराला वाटेल आपल्या शीटमध्ये चूक झाली, तुला माहितीये की ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली होती, घरात त्या दिवशी काय वातावरण होतं ते तुला आठवत असेल. मग ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, सप्टेंबरात ते २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. या तारखा चार्टवर उभ्या रेघांनी दाखव आणि प्रत्येक रेघेनंतर दर किती दिवसांत किती हलला ते मोज. कधी लगेच हलला असेल, कधी काहीच झालं नसेल, दोन्ही लिही. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा एकाच ओळीत घालू नकोस, लाल टिकत नाही आणि उन्हाळ चाळीत महिनोन्महिने थांबतो, त्यामुळे दोघांचं गणितच वेगळं. गोल्टीचे, म्हणजे बारीक कांद्याचे, दर वेगळे दिलेले सापडले तर तेही वेगळे ठेव. हे सगळं क्लासमधल्या सरांना सांगावं लागेल, तुला नाही.

आणि मग प्रश्न विचार, जो पप्पा दरवर्षी स्वतःला विचारतात, ठेवायचा की काढायचा. चाळीत ठेवला तर वजनात घट येते, सड होते, वरून मजुरी. मेमध्ये विकला असता तर किती आणि ऑगस्टमध्ये विकला तर घट वजा जाऊन किती. उत्तर ठाम येणार नाही, यायची गरज पण नाही. पण अशा एका पानाच्या तक्त्यावर तू मुलाखतीत अर्धा तास बोलू शकशील, कारण त्यातली प्रत्येक संख्या तुझी असेल. मी समोर बसलेली असते तर तुला दुसरा प्रश्न विचारायची गरज वाटली नसती.

हे करायला काय लागतं? एक्सेल तुला येतंच. पुढे आर किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा, दोन्ही फुकट आहेत. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल म्हणून प्रकल्प आहे, त्यात स्प्रेडशीट आणि प्रोग्रामिंगचे कितीतरी धडे मराठी आवाजात आहेत, छोटे छोटे, थांबवून करून बघत पुढे जायचे. एनपीटीईएल म्हणून आयआयटींचे ऑनलाइन कोर्स आहेत, ते शिकायला फुकट असतात, पैसे फक्त परीक्षा द्यायची असेल तरच. तुझ्या डिपार्टमेंटच्या मॅडमना पण विचार, शिक्षकांना असा विषय घेऊन येणारं पोर वर्षातून एखादंच भेटतं, त्या तुला वेळ देतील. सहा महिने हे करून बघ. त्यानंतरही वाटलं की क्लासची गरज आहे, तर तेव्हा लाव, तेव्हा तुला नेमकं काय येत नाही ते माहीत असेल आणि कुणी तुला काहीही विकू शकणार नाही.

ओजेटीसाठी आत्तापासूनच शोध. तुझ्या भागात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, त्यांच्याकडे आवक-जावक, सभासद, खरेदीचे हिशोब असतात आणि ते बघायला माणूस नसतो. हा तक्ता घेऊन जा, सुट्टीत, प्रत्यक्ष. बायोडेटा मेल करून वाट बघत बसण्यापेक्षा एक पान छापून टेबलावर ठेवलेलं बरं. पुण्यातही मार्केट यार्ड आहे, पण मला वाटतं पहिलं काम ओळखीच्या मातीत केलेलं चांगलं, तिथे प्रश्न विचारायला तुला लाज वाटणार नाही.

इंग्लिशचं. याला मी फार मोठं करणार नाही. तुझी पुस्तकं इंग्लिशमध्ये आहेत, पेपर तू इंग्लिशमध्ये लिहितेस, म्हणजे भाषा आत आहे, तोंडाला सवय नाही. चार्ट तयार झाला की रोज दोन मिनिटं तो फोनसमोर समजावून सांग, आधी मराठीत, मग तेच इंग्लिशमध्ये, रेकॉर्ड करून ऐक. पहिले आठ-दहा दिवस ऐकवणार नाही, तरी ऐक. दुसऱ्याचं पाठ केलेलं बोलताना माणूस अडखळतो, आपलं केलेलं सांगताना शब्द कमी पडले तरी सांगणं थांबत नाही. आणि इंटरव्ह्यूत एखादं वाक्य अडलं तर 'मे आय से धिस इन हिंदी' एवढं विचारायला काही हरकत नाही, मी स्वतः कित्येकांना हो म्हटलंय.

एक मात्र राहिलं. तुझ्या पत्रात कॉलेज, लायब्ररी, होस्टेल एवढंच आहे, बाकी कुठे जातेस असं दिसत नाही. का गं? पुण्यात आहेस. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी चालू असतात त्या दिवसांत कॉलेजांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे असतात, तुला नाटकात काम करायचं नसेल तरी बॅकस्टेजला माणसं लागतात, सामानाची यादी करणारं, वेळ पाळणारं, भांडणं मिटवणारं. नाहीतर एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर कर. स्किल म्हणून नको करूस, वीस वर्षांची आहेस म्हणून कर, पंधरा अनोळखी माणसांबरोबर एका कामात पडलीस की बोलायची भीती आपोआप ढिली होते, आणि पुढे आयुष्यभर पुरतील अशा दोन-तीन मैत्रिणी तिथेच भेटतात. होस्टेलच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या इंटर्नशिपच्या पोस्टी बघत राहिलीस तर फक्त झोप जाते, ती तर गेलीच आहे तुझी.

तर आज फोन कर पप्पांना. कांदा काढू नका म्हणून सांग आणि लगेच दुसरी गोष्ट विचार. बाजारात माल विकल्यावर आडत्याकडून हिशोबपट्टी मिळते ना, ती ते ठेवतात का. बहुतेक घरांत तारेला खोचून किंवा कॅलेंडरच्या मागे असतात, चार-पाच वर्षांच्या सुद्धा सापडतात. तारीख, वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात आलेले पैसे, सगळं त्यावर असतं. पणन मंडळाच्या साइटवर नाशिकचा दर आहे, तुझ्या घराला मिळालेला दर फक्त त्या तारेवर आहे. आईला सांग एकेका पट्टीचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायला, अक्षर पुसट झालं असेल तर उजेडात धरून काढायला सांग. शीटमध्ये पहिला कॉलम तोच टाक.